पूस धरणातलं जनावर

देवानं ममताला उंची देताना हात आखडता घेतला नव्हता. नेरच्या बाजारात भाजीवाल्यांनी बांधलेल्या ताडपत्र्या तिच्या कपाळाला लागत. तिचं लग्न ठरायला उशीर झाला तोही या उंचीपायीच. शेवटी शेजारच्या बंजारा तांड्यातला संजय राठोड हो म्हणाला. तो तिच्या खांद्याला लागायचा, पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते लोकांना. जोडीनं कुठं निघाले की कोणीतरी म्हणायचंच, "वहिनी, भाऊले कडेवर घ्या, थकला असन." मग ममता खांदे आत ओढून, मान खाली घालून चालायची. इतकी वर्षं अशी काढली की पाठीलाच ते वळण पडलं. सरळ उभं राहायचं म्हटलं तर तिला आता ओशाळल्यासारखं व्हायचं.

नेरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं शिलाईचं दुकान होतं. ब्लाऊज, परकर शिवायचीच, पण तिचा खरा हात बसला होता रेक्झिनवर. ऑटोच्या सीटा, ट्रॅक्टरचं हूड, मोटरसायकलची कव्हरं. तालुक्यात तिच्यासारखी पक्की शिवण कोणाची नव्हती. पण ते साल गुलाबी बोंडअळीचं होतं. बियाणं अळी लागणार नाही म्हणून विकलेलं; बोंड वरून टपोरं दिसायचं, फोडलं की आत अळी. लोकांनी उभ्या पऱ्हाटीवर ट्रॅक्टर फिरवले. अशा साली सीट कोण शिवून घेणार? हंगामात कापूस वाहून दमणारा संजयचा मालवाहू ऑटोही दुकानाशेजारच्या लिंबाखाली उभा असायचा, आणि संजय त्याच्यात पाय लांब करून पडलेला असायचा.

अशा एका दुपारी स्पृहा आली. मधुसूदन वकिलांची ही मुलगी यवतमाळला कॉलेजात शिकत होती आणि नाटकानं पार झपाटलेली होती. तिनं दुकानात आल्याआल्या विचारलं, "ममताताई, तुम्ही राक्षस शिवाल का?"

ममताला आधी कळलंच नाही. स्पृहानं लॅपटॉप काढला आणि शिलाई मशीनवरच ठेवला. म्हणाली, "पुसदला एकांकिका स्पर्धा आहे. आमच्या एकांकिकेत पूस धरणातून एक अवाढव्य जनावर निघतं आणि गावात शिरतं. असं." तिनं एक जुना जपानी सिनेमा लावला.

समुद्र फुगला. पाण्यातून आधी पाठीवरचे काटे आले, मग डोकं. माणसं पळत सुटली. भाषा कोणालाच कळत नव्हती, पण कळायला तरी काय होतं? पळणारा माणूस सगळ्या भाषांत सारखाच पळतो. चहा घेऊन आलेला मारोती किटली हातात धरून तिथंच थांबला. संजय ऑटोतून उठून आला. मागून पानठेल्यावरची दोन पोरं आली. घटकाभरात मशीनभोवती गर्दी जमली.

मारोती म्हणाला, "घरं खेळन्यातले हायेत, बावा."

"हो, खेळण्यातलीच आहेत," स्पृहा म्हणाली. "आणि जनावराच्या आत माणूस आहे. साठ वर्षांपूर्वी असंच करायचे. अजूनही जगभर लोक हे सिनेमे शोधून शोधून बघतात."

"आता त मोबाईलात याच्याहून भारी येते. मंग हे कायले पाहते लोक?"

स्पृहा उत्तर जुळवत होती, तेवढ्यात पडद्यावर जनावराची शेपटी एका इमारतीवर बसली, भिंत मधोमध चिरली आणि विटा घरंगळत रस्त्यावर आल्या. पानठेल्यावरच्या पोरांनी एकदम हुंकार दिला. मारोतीच मग स्वतःशी म्हणाला, "मोबाईलातलं चकाचक असते, पन तिथं काही पडत नाही. हे खरंच पडलं ना. लहान असन, पन पडलं."

ममता जनावराच्या चालण्याकडे बघत होती. जड, संथ, एकेक पाऊल विचार करून टाकल्यासारखं. पुढं विजेच्या तारा आल्या. जनावर थांबलं नाही. तारा छातीला लागल्या, ताणल्या, ठिणग्या उडाल्या आणि तुटल्या.

"तारांखालून वाकून जाता आलं असतं त्याले," ममता म्हणाली.

"ते कशाला वाकेल, ताई?" स्पृहा सहज बोलून गेली. "त्याला वाकायचं माहीतच नाही. म्हणून तर लोकांना ते आवडतं."

गर्दी पांगली, किटलीतला चहा थंड झाला. ममतानं तो सिनेमा पहिल्यापासून पुन्हा लावायला सांगितला आणि शेवटपर्यंत पाहिला. मग टेप गळ्यात टाकून उठली. "शिवतो मी," ती म्हणाली.

पुढचे काही दिवस गल्लीला दुसरा विषय नव्हता. जुन्या गाद्यांचा फोम आला, ट्रकच्या ट्यूबा आल्या, खताची पोती आली. ममतानं फोम कापून पोतडीसारखं मोठं अंग केलं, त्यावर काळं रेक्झिन चढवलं आणि रेक्झिनवर ट्यूबच्या पट्ट्यांचे खवले एकावर एक शिवले. पाठीवरच्या काट्यांना तिनं आतून बांबूच्या कामट्या घातल्या. तांड्यावरच्या बायकांच्या फेटिया घागऱ्यांवर, कांचळी चोळ्यांवर आरसे लावणारी ती बाई. जनावराच्या डोळ्यांभोवतीही तिनं बारीक आरसे जडवले. ऊन पडलं की ते असे चमकायचे की गल्लीतली कुत्री लांबूनच वळायची.

जनावराच्या आत शिरणार होता पियूष, स्पृहाचा वर्गमित्र. हसऱ्या तोंडाचा, चपळ मुलगा. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये तालीम ठरली. त्यानं सूट चढवला, वर डोकं बसवलं आणि दोन पावलांत समोरच्या खुर्च्यांच्या थप्पीवर जाऊन आदळला. गुडघे भलतीकडेच होते. डोळ्यांची भोकं त्याच्या टाळूच्याही वर गेली होती.

ममताचा चेहरा उतरला. काय झालं ते तिच्या ध्यानात आलं. माप पियूषचं घेतलं होतं, पण शिवताना दर वेळी घालून पाहिलं होतं स्वतःच्या अंगावर. कापता कापता जनावर तिच्याच मापाचं झालं होतं.

"लहान करून देतो," ती घाईनं म्हणाली.

पियूष सुटातून बाहेर आला, घामानं निथळत. त्यानं एकदा जनावराकडे पाहिलं, एकदा ममताकडे. "लहान कशाला करता, ताई? तुम्हीच घाला ना. मी आवाज काढतो."

ती नाही नाही म्हणत होती, तरी स्पृहानं तिला आत शिरवलंच. डोकं वर बसलं आणि जग दोन भोकांपुरतं उरलं. आत रेक्झिनचा वास, आपल्याच श्वासाचा आवाज. ममता चालली. अवजड अंग ओढायचं तर पाठ ताठ ठेवावी लागत होती. वाकलं की तोल जायचा. तिनं पाठ सरळ केली. कार्यालयाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती गेली, वळली आणि परत आली.

"झालं," स्पृहा हळूच म्हणाली. "हेच ते."

घरी मात्र हे पचणं सोपं नव्हतं. सासू हंसाबाई तांड्यात मानाची बाई. होळीला लेंगी गाणी गायला बसली की भल्याभल्यांना मागं सारायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गायनं-नाचनं आपलं हायच. पन राक्षस बनून? अगुदरच लोक तुले पाहून हसते. तू आनखी त्यायले तिकीट काढून हसव."

"याडी, आता हसते ते मी लपून राह्यतो म्हनून हसते," ममता सासूला म्हणाली. "मले एक डाव न लपता पाहू द्या."

संजय भाकरी मोडत बसला होता. पाणी पिऊन तो म्हणाला, "पुसदले सामान न्यायले गाडी लागन ना? आपली त रिकामीच हाय." ममतानं त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा भाकरी मोडायला लागला होता.

स्पर्धेच्या दिवशी ऑटोत मागं अख्खं गाव भरलं: पुठ्ठ्याचं बसस्टँड, पाण्याची टाकी, कापसाच्या गंज्या, बियाण्यांचं दुकान. दुकानाची पाटी स्पृहानं मुद्दाम कोरी ठेवली होती. ज्याला जे नाव आठवेल ते त्यानं वाचावं. गाडी निघायच्या वेळी हंसाबाई पिशवी घेऊन आली आणि पुढच्या सीटवर बसली. "पुसदले माही बहीन राह्यते," तिनं सांगितलं. कोणी काही विचारलं नव्हतं.

हॉल संध्याकाळी खच्चून भरला. शाळा-कॉलेजांची पोरं, दुकानदार, नोकरदार घरांतल्या बायका, खेड्यांवरून आलेली माणसं. आधीच्या एकांकिका चांगल्या होत्या, पण प्रेक्षक अर्धे मोबाईलात होते. मग अंधार झाला. पियूषनं पत्र्याच्या पिंपाला बांधलेली ओली दोरी मुठीत धरून ओढली. असा काही आवाज निघाला की पुढच्या रांगेतलं एक लेकरू आईच्या मांडीवर चढलं. निळ्या कापडाचं पूस धरण फुगलं आणि त्यातून आरशांचे डोळे वर आले.

कोणीतरी आधी हसलं. "रेक्झिन हाय ते, रेक्झिन." ते खरंही होतं आणि सगळ्यांना दिसतही होतं. पण जनावर पूर्ण उभं राहिलं, वरच्या झालरीला डोकं लागलं, झालर फाटली आणि जनावर तसंच पुढं आलं, तेव्हा हसणं थांबलं. हॉलमधले मोबाईल एकेक करून खाली गेले.

वर्षानुवर्षं फवारणीचे डबे, बाटल्या वाहून धरणात साचल्या, त्या विषावर हे जनावर पोसलं, अशी ती गोष्ट. जनावर आपल्याच गावात शिरलेलं पुसदकर पाहत होते. बसस्टँड गेलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाण्याची टाकी कलंडली आणि खरंच पाणी सांडलं तेव्हा शिट्या आल्या. मग ममतानं पाय उचलला आणि त्या कोऱ्या पाटीच्या दुकानावर धरला. क्षणभर तसाच धरून ठेवला. मागच्या रांगांतून, जिथं खेड्यांवरची माणसं बसली होती, एक आवाज आला, "ठेव बाई पाय." जनावराला तो बाई का म्हणाला कोण जाणे. ममतानं पाय ठेवला. पुठ्ठा कचकन दबला, आणि हॉलमधून जो आवाज उठला तो टाळ्यांचा नव्हता. वर्षभर गळ्यात अडकलेलं काहीतरी माणसांनी एकदम मोकळं केलं होतं.

संहितेप्रमाणे आता गावकरी पाठीवर फवारणीचे पंप घेऊन येणार, जनावराला घेरणार आणि जनावर कोसळून मरणार होतं. पंप आले. पोरांनी नळ्या रोखल्या. आत ममता घामानं चिंब झाली होती. पडायची तालीम तिनं कितीदा तरी केली होती. त्या पोरांकडे बघताना तिला संजयचा चुलतभाऊ नेमसिंग आठवला. फवारणी करून आला होता, अंगणात बसला आणि म्हणाला होता, मले दिसत नाही. दवाखान्यातून तो परत आला, बरा झाला, पण पंप पाहिला की अजून तोंड फिरवायचा.

"नको मारू त्याले," हॉलमधून एक पोरगी म्हणाली. मग दुसरीकडून तेच. मग पुढच्या रांगेतून, जिथं जनावराला भिऊन आईच्या मांडीवर चढलेलं ते लेकरू होतं.

ममता पडली नाही. ती एक पाऊल पुढं आली. पोरं गोंधळली, त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विंगेत स्पृहाकडे पाहिलं. स्पृहा कपाळाला हात लावून उभी होती. तिनं तो हात काढला आणि पोरांना मागं सरायची खूण केली. एकेकानं पाठीवरचा पंप उतरवून खाली ठेवला. जनावर त्यांच्यामधून चालत गेलं, हळूहळू, धरणापाशी थांबलं, वळून गावाकडे पाहिलं आणि निळ्या कापडात उतरलं. पियूषनं दोरी ओढली, पण आता इतकी हलकी, की गाय वासराला हाक मारते तसा आवाज निघाला.

पडदा पडला तरी कोणी उठेना. "आत कोन हाय? दाखवा," असा गलका सुरू झाला. स्पृहानं ममताला हाताला धरून पुढं आणलं. डोकं काढताना हूक अडकला, पियूषनं तो सोडवला. केस गालांना चिकटलेले, चेहरा लालभडक, आणि खाली ते काळं, काटेरी अंग. बाई आहे हे कळायला हॉलला जरा वेळ लागला. मग सगळे उभे राहिले. ममतानं सवयीनं मान खाली घातली, आणि तिच्या लक्षात आलं की सुटात मान खाली जातच नाही. ती तशीच उभी राहिली. समोर सगळे चेहरे तिच्याकडे वर बघत होते, आणि पहिल्यांदाच तिला त्यात काही बोचलं नाही.

तिसऱ्या रांगेत हंसाबाई उभी होती. शेजारच्या अनोळखी बाईला ती सांगत होती, "माही सून होय ते. शिवलं बी तिनंच." बहिणीकडे ती गेलीच नव्हती.

पहिला क्रमांक दुसऱ्या संघाला गेला. परीक्षकांनी संहिता बदलल्याबद्दल दोन शब्द ऐकवले आणि अभिनयाचं बक्षीस जनावराला दिलं. ममताला ते घेताना हातातली जनावराची नखं काढायचं सुचलं नाही. खाली उतरली तेव्हा बोरी अरबहून आलेले एक गुरुजी वाट बघत होते. "आमच्या बाजाराच्या मैदानावर कराल का? आमच्याकडे लेकरं सुट्टीभर मोबाईलवरच असतात. त्यांना हे पाहू द्या."

"करू," ममतानं कोणाला न विचारता सांगितलं.

सकाळी ऑटो नेरकडे निघाला. मोडलेलं गाव मागं ढीग होऊन पडलं होतं, आणि जागाच नव्हती म्हणून जनावर उभंच बांधलं होतं, टपाच्या वर डोकं काढून. ममता त्याच्याशेजारी दांडी धरून उभी होती. दिग्रसच्या अलीकडं शाळेला निघालेल्या पोरांनी ते पाहिलं आणि दप्तरं सांभाळत गाडीमागं पळायला लागली. संजयनं आरशात पाहून गाडी हळू केली.

"बाई, हे कोन हाय?" एकानं धापा टाकत विचारलं.

"मी हावो," ममता म्हणाली, आणि छाती भरून श्वास घेऊन तिनं अशी डरकाळी फोडली की पोरं जागच्या जागी थबकली, आणि दुसऱ्या क्षणाला आनंदानं ओरडत दुप्पट वेगानं गाडीमागं धावली.