जन्मात ऐकलं नाही

बाईंनी कागद तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की सगळा घोटाळा आपल्याच तोंडाने झालाय.

त्याचं असं झालं. त्यांच्या यजमानांनी बॉयलरच्या कारखान्यात तीस वर्षं रिवेट ठोकले. उजवा कान तिथेच गेला. उरला डावा. त्याने ऐकू येई, पण त्यातूनच भोवळ उठे. अकरा वर्षं झाली. जेवता जेवता, दाढी करता करता जमीन पायाखालून निघून जायची आणि एवढा धिप्पाड माणूस भिंतीला धरून ओकत बसायचा. डॉक्टर म्हणाले, आतला कान काढला तर भोवळ थांबेल, पण ऐकणंही कायमचं जाईल. आणि कायदा असा की चालता कान समितीच्या परवानगीशिवाय काढायचा नाही.

"कान माझा, भोवळ माझी, आणि परवानगी कोणाची, तर यांची!" यजमान समितीपुढे गरजले होते.

ऐकण्याच्या तपासणीचा आकडा दर खेपेला वेगळा येई, म्हणून घरच्यांच्या शब्दाला वजन. समितीतल्या वकीलबाईंनी विचारलं, "घरात तुमचं बोललेलं ऐकतात का हे?"

अकरा वर्षांचा शीण होता बाईंच्या अंगात. दुसरं काही सुचायच्या आत जुनं गाऱ्हाणं तोंडातून निघून गेलं. "छे हो. माझं कधी ऐकलंय त्यांनी? जन्मात नाही!"

वकीलबाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं. आणि आज समितीच्या कचेरीत हा कागद हातात पडला होता: 'पत्नीच्या जबानीनुसार डाव्या कानानेही ऐकू येत नाही. सबब, कान काढण्यास हरकत नाही.' खाली बाईंच्या सहीची जागा.

"अहो, हे चुकीचं लिहिलंय," बाई बाकावर टेकत यजमानांच्या डाव्या बाजूने म्हणाल्या.

यजमानांनी ऐकून घेतलं आणि हसले. "लग्नापासून कुरकुरतेयस. आज पहिल्यांदा उपयोग झाला. कर सही."

"खोटं आहे ते."

"तू कुठे खोटं बोललीस? लिहिलं त्यांनी."

"सही माझी ना? देवापुढे उभी राहीन तेव्हा काय सांगू, वकीलबाईंनी लिहिलं?"

"अगं, दमलोय मी," यजमान हळू आवाजात म्हणाले. "एकदा तरी माझं ऐक."

बाईंनी पेन उघडलं. दमल्या तर त्याही होत्या. पण तेवढ्यात यजमानांचे डोळे फिरले. बाकाची कड मुठीत आवळून ते एका अंगाला कलले. बाईंनी पेन टाकलं, त्यांचं डोकं खांद्याशी घेतलं आणि रोजच्यासारखं डाव्या कानाशी बोलू लागल्या, "इथेच आहे मी. पाय फरशीवर आहेत. फरशी हलत नाहीये. माझ्या आवाजाकडे लक्ष द्या. इथेच आहे."

हळूहळू मूठ सैल झाली.

टेबलामागचा कारकून उठून उभा राहिला होता. पाण्याचा पेला पुढे करत म्हणाला, "बाई, यांना ऐकू येतं."

"येतं."

त्याने कागदाकडे पाहिलं, मग दाराकडे. "मी काही पाहिलं नाही, असं म्हणतो. तुम्ही सही करून टाका."

भला माणूस होता. म्हणूनच बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहा. ऐकू येतं. माझा आवाज नीट ऐकू येतो, भोवळीतसुद्धा तेवढाच धरून असतात. आणि तरी हा कान काढावा, असं माझं म्हणणं आहे. दोन्ही लिहा, एकाखाली एक."

"मग परत समिती. नाही म्हणायचे ते."

"म्हणू देत. परत येऊ."

कारकून लिहीत राहिला. यजमान पेल्यात बघत होते. रागावलेत की काय, बाईंना कळेना. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "त्यात हेही घाला. जन्मात ऐकलं नाही, ते मात्र खरं आहे."

तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. बाईंनी त्यांच्या काखेत हात घातला.

"जिना आलाय. आठ पायऱ्या आहेत. मी मोजते."

यजमानांनी डावा कान त्यांच्याकडे वळवला.