शूआकू

मलायातल्या लढाईतून कुंडलिक परतला तो अर्धा चेहरा जळूनच. बाँब पडून लष्करी गाडी पेटली, तिच्यातल्या दोघांना बाहेर ओढताना हे झालं. पुढची वर्षं जपान्यांच्या कैदेत गेली. आपल्या गावी, विंझरला पोचला तेव्हा बायाबापड्या तोंडाला पदर लावून बाजूला सरल्या. त्याचंही त्याला काही वाटेनासं झालं होतं.

वाटलं ते पुतणीच्या, बनाच्या लग्नात. थोरला भाऊ सोनबा सकाळीच त्याला गोठ्यात घेऊन गेला.

"पाव्हण्यांनी तुला अजून बगितलं न्हाई. वरात जाईस्तवर हितंच ऱ्हा. पोरीच्या नशिबाचा सवाल हाय."

"म्या मांडवात आलो तर तिचं नशीब फिरंल व्हय, दादा?"

सोनबा नवा फेटा सावरू लागला.

"शूआकू," कुंडलिकच्या तोंडून निसटलं.

"आँ?"

जपानी शब्द. छावणीत एका शिपायानं आजारी कैद्याला लाथा घातल्या, तेव्हा जपान्यांचाच म्हातारा डॉक्टर हे बोलला होता. कुंडलिक शेजारी उभा होता. त्याला वाटलं, आपल्या जळक्या तोंडालाच उद्देशून म्हणाला. दुभाष्यानं सांगितलं, तुला नव्हे, त्या शिपायाला. पुस्तकी शब्द आहे; रूप ओंगळ असो की करणी, दोन्हींना चालतो.

हे सगळं तो सांगत बसला नाही. "म्हंजे ओंगळ," एवढंच म्हणाला.

सोनबाचे डोळे भरले. "असं नगं म्हणूस सोताला. तुजा काय दोष?"

चूक दुरुस्त करावी असं कुंडलिकच्या मनात आलं, पण तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली आणि सोनबा गेला.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, बैल जुंपले. बना गाडीत चढेना.

"कुंडलिकतात्या कुठं हाईत?"

दोघा-तिघांची नजर गोठ्याकडं गेली. मग ती स्वतःच तिकडं निघाली. शेल्याची गाठ बांधलेली, त्यामुळं कामथडीचा नवरदेव सावळारामही मागोमाग ओढला गेला.

दोघं कुंडलिकच्या पाया पडायला वाकले. सावळारामनं मान वर केली आणि तो एक पाऊल मागं सरकला. गाठ ताणली. बना जागची हलली नाही.

"लढाईत झालं?" सावळारामनं विचारलं.

"व्हय."

"दुखतंय का अजून?"

गावात हे कुणी विचारलं नव्हतं.

"थंडीत दुखतं," कुंडलिक म्हणाला.

सगळ्या वऱ्हाडादेखत तो गाडीबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेला. सोनबा मांडवातच थांबला. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं शेतातल्या कामापुरतं उरलं.