आधीचा आकडा

"आधी जनरेटर जुळवून घ्या, मंग आकडा लिवा," प्रयोगशाळेचे मालक खुशालराव म्हणाले.

देवानंद मीटरकडेच पाहत होता. सिग्नल जनरेटर अर्धा तास चालू राहून स्थिर झाला होता. पॉवर मीटर शून्यावर आणून त्याने त्याचा सेन्सर थेट जनरेटरला जोडला होता. दोन्हींवर एकच पातळी यायला हवी होती. मीटर आठ डेसिबल जास्त दाखवत होता. म्हणजे सांगितल्याच्या सहापट ताकद. त्याने सेन्सर बदलून पाहिला. तरी आठच.

अकोल्यातल्या या खाजगी प्रयोगशाळेत त्याची बावीस वर्षं गेली होती. याच जनरेटरमधून अगदी क्षीण सिग्नल सोडून वायरलेस सेटला तो ऐकू येतो की नाही, हे तो तपासायचा. जूनमध्ये पूर बचाव पथकाचे चौदा सेट त्याने पास केले होते. क्षीण म्हणून सोडलेला सिग्नल मुळात दांडगा होता. त्यात बहिरे सेटही पास झाले. जनरेटरची स्वतःची तपासणी वर्षभर लांबली होती, हे त्याला ठाऊक होतं. तरीही त्याने सही केली होती.

ऑगस्टमध्ये दर्यापूरकडे पूर्णेच्या पुरात पथकाचा किशोर होडी घेऊन गेला. पाणी चढतंय, माघारी ये, असं काठावरून वायरलेसवर तीनदा सांगितलं गेलं. तो वळला नाही. तिसऱ्या दिवशी प्रेत सापडलं. पहिल्या अहवालात लिहिलं गेलं की त्याने सेट बंद ठेवला होता. आता मोठ्या चौकशीसाठी जनरेटरचा दाखला मागवला होता.

"जुळवायच्या आधीचा आकडाच लिवा लागते, साहेब."

"मंग पाव डेसिबल लिवा. कोन पाह्याले येऊन रायलं?" खुशालरावांनी आवाज उतरवला. "त्या सेटांवर सही तुमची हाय, देवानंद. माही नाही."

"माहीत हाय."

त्याने आठ लिहिलं. खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी कागद स्वतः अमरावतीला चौकशीच्या कचेरीत नेऊन दिला. आठवडाभरात त्याची नोकरी गेली. मग चौकशीतून त्याच्याच नावाची नोटीस आली.

नोटीस आली त्या दिवशी तो बसने किशोरच्या गावी गेला. किशोरची आई माणिकबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. देवानंदने उभ्यानेच सगळं सांगितलं.

"किशोरनं सेट बंद नोयता ठेवला, मावशी. त्याले आयकूच गेलं नाही. तो सेट मी पास केला होता."

तिचे हात थांबले.

"गावात म्हन्तात, दारू पेऊन होता."

तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हंजे तो थांबला असन तिथं," ती हळू म्हणाली. "कोनी बलावते काय म्हनून."

तिने मांडीवरची टरफलं झटकली आणि ती उठली.

"मले एकटीले सांगून काय होते? पारावर चाला. तिथं सांगजा, मोठ्यानं. आन् तुमचं नावबी सांगजा."

ती अनवाणीच पुढे निघाली. देवानंद मागोमाग गेला. पारावर सात-आठ माणसं बसली होती. माणिकबाई बाजूला सरकली. देवानंदने आधी स्वतःचं नाव सांगितलं.