कुलूपवाल्याच्या दुकानाला कुलूप

"बाई, आधी कुलूप बदलू, की आधी यादी करताय?"

कुलूपवाल्याने नेहमीच्याच सुरात विचारलं. खांद्याला नेहमीची जाड कापडाची पिशवी, हातात नवं कोरं कुलूप. फरक एवढाच, की आज टाळं लागायचं होतं ते त्याच्या स्वतःच्या दुकानाला.

"आधी यादी," यादीबाई म्हणाल्या आणि उगाचच चष्मा पुसत बसल्या.

दिवाळखोरीची प्रकरणं पाहणाऱ्या वकिलाकडे त्या तेवीस वर्षं नोकरीला होत्या. कुणाचं दिवाळं निघालं की त्याच्या दुकानात जायचं, खिळ्यापासून तिजोरीपर्यंत सगळं लिहून काढायचं, आणि निघताना दाराचं कुलूप बदलून किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या. कुलूप बदलायला कायम हाच माणूस. दोघांनी मिळून शहरातली निम्मी बुडालेली दुकानं बंद केली होती आणि त्यांच्या पायऱ्यांवर बसून चहा प्यायला होता. माणूस नाकासमोर चालणारा. मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिला, तिथे फसला. मेहुणा परागंदा झाला आणि घेणेकरी याच्या दारात आले.

यंदा कामाची तऱ्हा बदलली होती. साहेबांनी बाईंना पाटीएवढं एक यंत्र दिलं होतं. वस्तूचा फोटो काढला की नाव आणि किंमत ते आपसूक लिहायचं. बाईंनी किल्ल्या कापायच्या मशीनचा फोटो काढला. यंत्राने लिहिलं, शिवणयंत्र.

"शिवा आता त्याच्यावर नातवाला झबली," कुलूपवाला म्हणाला आणि दोघंही पोटभर हसले.

दुसरा बदल मात्र खरोखर चांगला होता. नव्या कायद्याने माणसाची पोट भरायची हत्यारं जप्तीतून वगळता येत होती. अट एकच, त्याने स्वतः लेखी मागायला हवं, आणि तेही यादी बंद होण्याआधी. आजची यादी बारा वाजता बंद व्हायची होती. अर्ज बाईंनी सकाळी आठवणीने पर्समध्ये घातला होता. मशीन आणि पिशवी राहिली, तर हा कुठेही टेबल टाकून चार पैसे मिळवेल. नाही राहिली, तर साठीला टेकलेल्या माणसाने करायचं काय?

"सही करा इथं."

"नको."

"अहो, मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. हे तर कोर्ट आहे!"

"बाई, तो बूट शिवणारा आठवतो? हातोडी सोडत नव्हता. तुम्ही लिहून घेतलीत, मी त्याच्या मुठीतून काढली. वर नियम तो नियम असंही बोललो. आता मी कुठल्या तोंडानं मागू?"

बाईंना तो माणूस चांगला आठवत होता. ती हातोडी शेवटी भंगारात गेली, हेही आठवत होतं.

"तेव्हा तसा कायदाच नव्हता हो."

"नव्हता. पण हातोडी त्याचीच होती ना."

 बाईंना वाईट वाटत होतं आणि त्याच्या हट्टाचा रागही येत होता. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, झालं का? साहेबांचं काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या! बाईंनी कानशी, पान्हे, वाकवलेल्या तारा मोजल्या. एकतीस नग. कुलूपवाल्याने पिशवी स्वतःच उचलून टेबलावर ठेवली आणि बाईंनी मशीनसारखीच तिच्यावरही जप्तीची चिठ्ठी चिकटवली, क्रमांक चौऱ्याऐंशी.

तोच एक मुलगी धावत आत आली. समोरच्या इमारतीतली, पायात चपलासुद्धा नव्हत्या.

"काका, दार लागलं हो! कचरा टाकायला बाहेर आले आणि मागे दार ओढलं गेलं. किल्ली आत, बाबा आत, त्यांना उठता येत नाही, आणि गॅसवर दूध ठेवलंय!"

कुलूपवाल्याचा हात पिशवीच्या पट्ट्याकडे गेला. मग त्याला ती चिठ्ठी दिसली आणि हात मागे आला. इतक्या वर्षांत तो हात हत्याराजवळ थबकलेला बाईंनी प्रथमच पाहिला.

"बाई, घेऊ?"

घ्या म्हणायला बाईंचं काहीच गेलं नसतं. शब्द जिभेच्या टोकाशी आला होता. पण त्यांनी अर्ज पुढे सरकवला, पेन त्याच्या बोटांत दिलं.

"माझ्याकडे नका मागू. इथं मागा."

त्याने मुलीकडे पाहिलं आणि अशी काही सही ठोकली, की कागदच फाटला. दुसऱ्या क्षणी पिशवी खांद्यावर आणि माणूस रस्त्यापलीकडे. घड्याळात बाराला आठ कमी होते. बाईंनी मशीनवरची चिठ्ठी सोलून काढली, फाटका अर्ज चिकटपट्टीने नीट जोडला आणि त्या कुलूपवाल्याच्या स्टुलावर टेकल्या. फार बरं वाटलं त्यांना.

अर्ध्या तासाने तो परतला. अंगाला करपलेल्या दुधाचा वास येत होता.

"दूध गेलं, पातेलं गेलं. म्हातारा मात्र खणखणीत आहे. मलाच विचारतो, इतका वेळ का लागला म्हणून!"

मग त्याने मशीन चादरीत गुंडाळून पायरीवर ठेवलं आणि स्वतःच्या दाराला कुलूप बसवलं. तेल सोडलं, तीनदा फिरवून पाहिलं, दोन किल्ल्या बाईंच्या हातावर ठेवल्या.

"दोनच. तिसरी नाही." हे वाक्य तो दर वेळी मालकाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायचा. आज हळूच म्हणाला.

"उद्या दहाला," बाई म्हणाल्या. "केस कापायचं दुकान आहे."

त्याने मान हलवली. 

"मी साडेनवालाच येतो. त्याच्याशी आधी मी बोलतो. आणि बाई, अर्ज दोन आणा. एखादा फाटतो."

मशीन त्याने पोटाशी धरून उचललं, आणि जाता जाता सवयीने एका हाताने कुलूप ओढून पाहिलं. पक्कं बसलं होतं.