इंजिनिअरने तोंड उघडलंच नाही

पडद्यावर नावं वर सरकायला लागली, तेव्हा बेबीने रिमोट असा काही आपटला की त्याच्या पोटातले दोन्ही सेल निघून सोफ्याखाली गेले.

"संपली का?" आईने खुर्चीतून विचारलं.

"संपवली. गळा दाबून."

छत्तीस वर्षांच्या बाईला घरात बेबी म्हणतात याचं आता कुणालाच काही वाटत नाही, खुद्द बेबीलाही नाही. दाताच्या दवाखान्यात ती काउंटर सांभाळते, तिथे सगळ्यांची ताई असते. घरी आली की पुन्हा बेबी. मधलं कुठलं वय तिला कधी कुणी दिलंच नाही.

मालिका होती एका पूल बांधणाऱ्या इंजिनिअरची आणि एका ग्रंथपाल बाईची. तो पुस्तकं न्यायचा आणि मुद्दाम उशिरा परत आणायचा. ती त्याला दोन शब्द सुनावायची आणि सुनावताना नजर जरा जास्त वेळ वर ठेवायची. एवढ्या भांडवलावर मालिका तीन वर्षं चालली. मध्ये एकदा त्याने तिच्या केसांत अडकलेलं पान काढलं, तर बेबी दुसऱ्या दिवशी पेशंटांना भलत्याच तारखा देत सुटली होती. एकदा दोघं एका छत्रीखाली आले, तर छत्रीच उडून गेली. बेबीने तेही पोटात घातलं. आज ना उद्या हा बोलेल, या एका आशेवर तिने इंजिनिअरच्या आत्याचं दुखणं सोसलं, पुलाचा खांब खचलेला सोसला, ग्रंथपालाची जुळी बहीण कुठूनशी उगवली तीसुद्धा सोसली.

आणि आज काय झालं? पुलाची फीत कापली. इंजिनिअरची बदली झालेली. तो शेवटचं पुस्तक परत द्यायला आला. पुस्तक दिलं. हात पुढे केला. बाई हाताकडे बघत राहिली, कॅमेरा बाईकडे बघत राहिला, मागे व्हायोलिनवाला जीव खाऊन वाजवत राहिला. मग इंजिनिअर म्हणाला, "काही गोष्टी न बोललेल्याच बऱ्या." आणि स्वतःच बांधलेल्या पुलावरून पलीकडे चालता झाला. त्यावर 'सात वर्षांनंतर' अशी पाटी. बाईला चष्मा, कपाळावर एक पांढरी बट. पुस्तक उघडते, आत वाळकं पान सापडतं, हसते. समाप्त.

"हसते काय? हसण्यासारखं काय झालंय?" बेबी सोफ्याखाली हात घालून सेल शोधत म्हणाली. "मी असते तर तेच पुस्तक त्याच्या डोक्यात घातलं असतं."

"पूल मात्र चांगला झालाय हो," आई म्हणाली.

"आई, पुलाचं कुणाला पडलंय!"

"एवढा खर्च केलाय त्यांनी, बघायला नको?"

राग नुसता मालिकेवरचा असता, तर हात-तोंड धुताना उतरला असता. पण या मालिकेच्या जिवावर बेबीने एका चांगल्या माणसाला ताटकळत ठेवलं होतं, आणि आता तो हातचा जायची वेळ आली होती.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. इमारतीची लिफ्ट म्हातारी, सतत कुरकुरणारी, त्यामुळे कंपनीचा लिफ्ट-मेकॅनिक नेमाने यायचा. सरळ माणूस. सोसायटीच्या सेक्रेटरींना तोंडावर सांगायचा, "दोर झिजलाय. बदला. नाही बदललात तर मी सही करणार नाही." सेक्रेटरी गोड बोलले, रागावले, चहा पाजला, दोर शेवटी बदलावाच लागला. डॉक्टरीणबाईंपासून वॉचमनपर्यंत सगळे बेबीला ताई म्हणायचे. हा एकटा पहिल्या दिवसापासून 'मॅडम' म्हणत होता, आणि ताई म्हणायची वेळ आली की वाक्यच फिरवून घेत होता. असल्या गोष्टी बायकांच्या नजरेतून सुटत नाहीत. बेबीच्याही नजरेतून ही सुटली नव्हती.

मग एक दिवस काळ्या ग्रीसने माखलेले हात अंगापासून दूर धरून तो काउंटरपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला तुम्ही आवडता. लग्नाचा विचार कराल का? नसेल करायचा तर तसं सांगा. वाईट वाटेल, पण लिफ्टच्या कामात फरक पडणार नाही."

हेच वाक्य ऐकायला बेबी इतकी वर्षं कान टवकारून बसली होती. ते ऐकलं आणि तिच्या मनात आलं, बस, एवढंच? ना वारा, ना छत्री, ना व्हायोलिन. दोर बदला म्हणावं तसं एका दमात सांगून मोकळा!

"असं असतं का कुठे?" ती म्हणाली. "ती पुलाची मालिका लागते ना, ती बघा जरा. त्या माणसाकडून शिका काहीतरी. प्रेम मुरावं लागतं."

"बघतो," तो म्हणाला. आणि लिफ्ट दुरुस्त करून निघून गेला.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. येताना हसायचा, पण हसून झाल्यावर सुस्कारा टाकायचा. काम आटोपलं की पॅसेजच्या खिडकीतून बाहेर बघत उभा राहायचा. त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, दुसरं काही दिसत नाही. कधी काउंटरवरचं पेन मागून न्यायचा आणि पुढच्या खेपेला परत द्यायचा, तेही मोरपीस असावं तसं दोन बोटांत धरून. कधी म्हणायचा, "मॅडम, तुम्हाला कधी असं वाटतं का, की..." आणि जिना उतरून जायचा. बेबी 'की' पाशी लटकत राहायची. तिला वाटलं, याचा उत्साह ओसरला. आपण फार ताणलं.

मागच्या खेपेस त्याने सांगितलं, कंपनी दुसऱ्या गावी नवीन ऑफिस काढतेय, तिथला प्रमुख म्हणून मला पाठवायचं म्हणतायत.

"मग?" बेबीने विचारलं.

"बघू..." तो म्हणाला, आणि पाण्याच्या टाकीकडे बघू लागला.

'नका जाऊ' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण त्याने पुन्हा विचारल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही, असा हिचा ताठा. मग तिने मनाशी एक सोय लावून ठेवली. शेवटच्या भागात इंजिनिअर बोलला, की दुसऱ्या दिवशी आपणही बोलायचं. धीर त्याच्याकडून उसना घ्यायचा. आणि त्या मेल्याने ऐन वेळी हात वर केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात ती आली तीच फणफणत. खुर्चीत गणिताचे एक निवृत्त मास्तर कवळीचं माप द्यायला बसले होते. डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या, "ताई, मिश्रण करा. आणि चेहरा जरा सैल सोडा, पेशंटला वाटेल कवळी तुम्हीच बसवणार आहात."

माप घ्यायचं मिश्रण म्हणजे एक गुलाबी पावडर. रबरी वाटीत पाणी घालून भराभर घोटायची, साच्यात भरायची आणि डॉक्टरांच्या हातात द्यायची. जरा रेंगाळलात की वाटीतच दगड. बेबी वाटी घेऊन काउंटरमागे घोटायला लागली, तेवढ्यात दार उघडलं.

मेकॅनिक आला होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी, हातात हत्यारांची पेटी नाही. त्याने खिशातून दवाखान्याचं पेन काढलं आणि काउंटरवर हळूच ठेवलं. मग हात पुढे केला.

बेबीचा घोटणारा हात थांबला.

तो बघत राहिला. ती बघत राहिली. आत मास्तर आ वासून बसले होते, तेही बघत राहिले.

"काही गोष्टी," तो म्हणाला, आणि एवढा थांबला की खाली कुणीतरी दोनदा लिफ्टचं बटण दाबलं, "न बोललेल्याच बऱ्या."

"हे कुठे ऐकलंत?" बेबीचा आवाज चिरका झाला.

"काल. तुम्हीही बघितलं असेल ना?" त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही सांगितल्यापासून मी एकही भाग सोडला नाही. सुरुवातीला जमत नव्हतं मला. वाक्य अर्धं सोडलं की घशात अडकल्यासारखं व्हायचं. पण म्हटलं, तुम्हाला आवडतं तर शिकायचं."

बेबीला सगळं एकदम दिसलं. ती टाकी, ते सुस्कारे, ते पेन. ज्याला ती थंडपणा समजून कुढत बसली होती, ती तिनेच दिलेल्या शिकवणीची परीक्षा चालली होती, आणि विद्यार्थी पहिला आला होता.

"ताई! मिश्रण!" आतून हाक आली.

वाटीत चमचा उभाच्या उभा राहिला होता.

"थांबा हो डॉक्टर!" बेबी ओरडली. इतक्या वर्षांत ती त्या आवाजात कधी बोलली नव्हती. डॉक्टरीणबाई खरोखरच थांबल्या. "अहो, मूर्ख होता तो!"

"कोण?"

"इंजिनिअर! तीन वर्षं तिचा जीव टांगून ठेवला आणि पूल ओलांडून गेला! त्यात आवडण्यासारखं काय आहे?"

मेकॅनिक गोंधळला. "पण तुम्हीच म्हणालात, त्याच्याकडून शिका."

"मी म्हणाले म्हणून लगेच ऐकायचं?"

यंत्र जे सांगेल ते जसंच्या तसं ऐकायची त्याला सवय होती, आणि बेबी यंत्र नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"ऐका आता," बेबीने वाटी काउंटरवर आदळली. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. तेव्हाही करायचं होतं. झालं माझं बोलून. आता तुम्ही बोला, आणि मध्ये थांबाल तर बघा."

तो थांबला. पण ते थांबणं शिकलेलं नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"काल भाग संपल्या संपल्या मी साहेबांना फोन केला," तो म्हणाला. "सांगितलं, जातो."

"संपल्या संपल्या?"

"तो गेला ना, पुलावरून. म्हटलं, तुमचीही तीच इच्छा असणार."

"बाकी सगळ्याला तुम्ही महिने लावता, आणि नेमकी हीच घाई?" बेबीने कपाळावर हात मारला. कपाळाला गुलाबी पट्टा उमटला. "फोन लावा. आत्ता. सांगा, येत नाही म्हणून."

त्याने फोन लावला. "साहेब, ते कालचं... म्हणजे मी जे..." आणि सवयीने नजर खिडकीकडे वळवली.

बेबीने फोन हिसकावला. "नमस्कार. ते येत नाहीयेत. कारण लग्न आहे त्यांचं. कुणाशी काय? माझ्याशी. मी दाताच्या दवाखान्यातून बोलतेय."

पलीकडचे साहेब चांगले होते, तीच तर पंचाईत. चिडले असते तर भांडता आलं असतं. ते मनापासून अभिनंदन म्हणाले, आणि मग म्हणाले की ऑर्डर सकाळीच निघाली, इथल्या कामावर दुसरा माणूस नेमलाही, आता निदान सहा महिने तरी जावंच लागेल; त्यानंतर बघू. बेबीने दोनदा 'अहो पण' म्हणून पाहिलं. मग फोन परत दिला.

"सहा महिने," मेकॅनिक म्हणाला. तिला धीर द्यावा असं त्याला वाटलं असावं. "तशी मालिकेत सात वर्षं..."

बेबीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढचे शब्द त्याने गिळले.

"सोमवारी निघायचंय," तो चाचरत म्हणाला. "रोज फोन करीन. बोलीन. पूर्ण बोलीन."

"बोला," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तो निघाला. दारापाशी वळला, हात पुढे करावा की नाही या विचारात पडला, आणि तसाच गेला.

डॉक्टरीणबाईंनी दारातून वाटीकडे बघितलं. "नवीन घोटा. आणि हे तरी लग्नाआधी घट्ट होऊ देऊ नका."

बेबीने दुसरं मिश्रण घोटलं, चिडून घोटल्यामुळे एकही गाठ राहिली नाही. साचा मास्तरांच्या तोंडात गेला. डॉक्टरीणबाईंनी तो बोटांनी दाबून धरला. "हलायचं नाही, बोलायचं नाही." पण मास्तरांना काहीतरी सांगायचंच होतं. ते नाकातून हुंकारत होते, डोळे बेबीकडे फिरवत होते, खुर्चीच्या हातावर बोटं आपटत होते. दुखतंय का विचारलं तर जोरजोरात मान हलवत होते. शेवटी पचकन आवाज होऊन साचा निघाला.

"सोमवारी जाणार ना तो?" मास्तर गुलाबी तोंडाने म्हणाले. "मग आज शुक्रवार आहे!"

"बरं मग?"

"बरं मग काय? मी इथे अर्धा तास तोंड उघडून सगळं ऐकतोय. सहा महिन्यांनी लग्न, म्हणजे आमच्या जिवाला तेवढा घोर! मधले दोन दिवस काय करणार तुम्ही? आधी घरच्यांना भेटवा, काय ठरवायचं ते ठरवून टाका आणि मग पाठवा त्याला कुठे पाठवायचं तिथे. शेवट असा अर्धवट सोडतात का?"

"काका, चूळ भरा," बेबी म्हणाली.

तिला मास्तरांचाही राग आला. जो तो बसून दुसऱ्याच्या गोष्टीचा शेवट सांगतो, आणि निस्तरायचं मात्र जिचं तिने. पण ते चूळ भरून पुन्हा तोंड उघडणार हे तिला दिसत होतं, आणि त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं, हेही दिसत होतं.

मास्तर बेसिनवर वाकलेले असतानाच तिने फोन लावला.

"गेला नाहीत ना अजून? ... खालीच आहात? इतका वेळ खाली उभं राहून करताय काय? ... बघताय? कशाकडे बघताय? ... ते नंतर. वर या आधी. उद्या सकाळी आईकडे यायचंय तुम्हाला, ते ठरवू. ... नाही, लिफ्टची वाट बघू नका. जिन्याने या."