वायरलेसवरची शिस्त

रामकिसनच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. संध्याकाळी पोरीचं लग्न, वाडीत पाण्याचा टिपूस नाही, आणि हा वायरलेसचा मेला डबा नुसता खरखरत होता.

"लालमियाँ, ओ लालमियाँ! टँकर निघाला का?"

मंठ्याला सेटवर बसून टँकर सोडणारा लालमियाँ वैतागला. "दोघं एकदम बोलून राह्यले! काय समजायचं मी?"

दुसरा म्हणजे पलीकडच्या गावचा कारभारी. टँकरच्या ठेकेदारानं गावोगाव आणि टँकरमध्येही सेट दिले, पण त्यांची ताकद मधल्या मंठ्यापुरतीच. रामकिसनला कारभारी ऐकू यायचा नाही, कारभाऱ्याला रामकिसन. दोघं शहाण्यासारखे आधी कान द्यायचे, शांत वाटलं की बोलायचे, आणि तिकडं लालमियाँच्या कानात दोघांची खिचडी व्हायची! सकाळपासून हेच चाललं होतं.

शेवटी रामकिसनच कडाडला. "मियाँ, तुम्हीच एकेकाचं नाव पुकारा. नाव पुकारल्याबिगर कोणी तोंड उघडायचं न्हाई!"

"बिलकुल बराबर," लालमियाँ म्हणाला.

आणि काय सांगावं, खिचडी थांबली. रामकिसनचं नाव आलं, त्यानं विचारलं, उत्तर मिळालं: कचरू टँकर घेऊन निघालाय. रामकिसननं ऐटीत बायकोला, नंदाबाईला सांगितलं, "भाताची पातेली काढ."

दुपार कलली तरी टँकर येईना. मध्येच सेटवर खरखरीतून कुणीतरी ओरडलं, "हॅलो, ऐका, जल्दी..."

"तुझं नाव पुकारलं का रे?" रामकिसन खेकसला. "गप बस! शिस्त हाये का न्हाई?"

आवाज गप झाला.

आणखी वाट बघून रामकिसननं सायकल काढली. वाडीच्या फाट्यावरच टँकर उभा. मागं कचरू, नखशिखान्त भिजलेला, चिखलात फतकल मारून बसलेला.

"नळच निखळला, मालक. चिंध्या कोंबल्या, छातीनं दाबून धरलं. सेटवर सांगाया गेलो, तर कोणतरी खेकसलं, गप बस म्हणून. मला वाटलं, साहेब असंल." त्यानं नाक पुसलं. "कळलं असतं, तर अख्खी वाडी घागरी घेऊन आली असती. समदं गेलं बघा."

रामकिसनला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

वाडीकडून नंदाबाई येत होती, मागं चार-पाच बाया, सगळ्यांच्या कमरेवर घागरी. लांबून तिला टँकर दिसला होता, आणि ती हसत होती.