दाजूंचे बिघडलेले डोळे

पूर्णबहादुर घर्ती, सगळ्यांचे 'दाजू' म्हणजे थोरले भाऊ, जुमल्याच्या घाटात बस चालवायचे. मोतीबिंदू वाढत गेला तरी त्यांचा वेग कधी कमी झाला नाही, आणि प्रवासी त्यांच्या भरवशावर निर्धास्त झोपायचे. शेवटी बायकोने हट्टाने खाली तराईच्या सपाट मुलखात नेऊन दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करवलं.

परतल्यावर पहिल्याच फेरीत, पहिल्याच वळणावर घर्तींनी करकचून ब्रेक दाबला. खिडकीतून खाली वाकून पाहत त्यांनी मागच्या सीटवरच्या शाळामास्तरांना विचारलं, "ही नदी एवढी खोल कधी गेली?"

"पहिल्यापासून तिथंच आहे, दाजू. चला आता, शाळा भरेल."

घर्तींनी घाम पुसला आणि बस अक्षरशः रांगत नेली. बाजारात पोचेपर्यंत शाळा सुटली होती. उतरताना मास्तर हळहळले, "चांगले डोळे होते बिचाऱ्याचे. डॉक्टरांनी बिघडवून ठेवले."